अहेरी, जुना रस्ता आणि नल्ला

पुण्यात ‘अहेरीला चाललेय’ असं सांगितलं की साधारण दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिल्या प्रकारची विचारतात, ‘कुठे?’ दुसऱ्या प्रकारची, म्हणजे ज्यांना कुठे ते ठाऊक असतं, ती विचारतात, ‘कशाला?’ दोघांनाही उत्तर द्यायला एक वाक्य पुरत नाही, म्हणून हा लेख.

आधी ‘कुठे’. महाराष्ट्राचा नकाशा पूर्वेकडे जिथे खाली लोंबल्यासारखा दिसतो, तो गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण भागात, प्राणहिता नदीच्या काठी अहेरी. नदीपलीकडे तेलंगण. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की पुढच्या नदीला प्राणहिता म्हणतात, हे शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं वाक्य इथे चक्क समोर वाहत असतं. दुकानांच्या पाट्या मराठीत, टपरीवरच्या गप्पा अर्ध्या तेलुगूत आणि बाजाराच्या दिवशी कानावर गोंडी-माडिया. मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. ट्रेननं बल्लारशाह गाठायचं आणि पुढे एसटी. खिडकीची जागा मिळाली तर मजा, नाही मिळाली तर शेजारच्या आजींच्या पिशवीतली कोंबडी आपल्याकडे बघत राहते.

आता ‘कशाला’. चालायला. बस्स, एवढंच.

आपलं, म्हणजे पुण्या-मुंबईच्या ट्रेकर पब्लिकचं, डोंगराबद्दलचं मत सह्याद्रीनं बिघडवून ठेवलेलं आहे. डोंगर म्हणजे कडा हवा, कड्यावर किल्ला हवा, किल्ल्यावर पिठलं-भाकरी हवी. अहेरीचे डोंगर असे नाहीत. ते बुटके आणि रुंद आहेत, आणि नखशिखांत झाडांनी झाकलेले. लांबून बघितलं तर आकाशाच्या कडेला कुणी तरी घोंगडी पसरून ठेवल्यासारखे. वर चढलात तरी ‘व्ह्यू’ मिळेलच असं नाही, कारण समोर झाड असतं आणि झाडामागे आणखी झाड. पण या डोंगरांमध्ये एक गोष्ट आहे जी सह्याद्रीत सहसा मिळत नाही. जुने रस्ते. पायवाटा नव्हेत, एकेकाळी मोजूनमापून बांधलेले आणि मग सोडून दिलेले रस्ते.

हे रस्ते कुणी आणि कशाला बांधले, याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांचं या भागाकडे लक्ष गेलं. प्राणहितेच्या काठानं तारेची लाइन टाकायचं काम निघालं. एप्रिल १८५८ मध्ये चिंचगुंडीला, म्हणजे अहेरीच्या परिसरातच, तारखात्याच्या तळावर बाबूराव शेडमाके आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन गोरे तिथे मारले गेले. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर इंग्रजांनी आणखी मोठा घाट घातला. गोदावरी आणि प्राणहितेतून थेट समुद्रापर्यंत बोटी चालवायच्या आणि नागपूर-वऱ्हाडचा कापूस खाली न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, त्यातला तिसरा देवलमरीजवळ, अहेरी तालुक्यातच. बरेच पैसे ओतून १८७१ मध्ये ही योजना गुंडाळली. तोवर रेल्वे आली होती.

मग राहिला साग. आलापल्लीच्या सागवानाची ख्याती काही वेगळी सांगायला नको. इंग्रजांनी हे जंगल राखीव केलं आणि लठ्ठे बाहेर काढण्यासाठी डोंगरांतून बंडीरस्ते काढले. (इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. पुण्यात बंडी म्हणजे आजोबांचं अंगातलं, त्यामुळे पहिल्या दिवशी माझा थोडा गोंधळ झाला.) स्वातंत्र्यानंतर तेच रस्ते ट्रकना कामी आले. जिथली कटाई थांबली, तिथला रस्ताही थांबला.

थोडक्यात, तार, कापूस, लाकूड आणि आता लोखंड. या भागात रस्ता बांधला गेला तो बहुतेक वेळा इथलं काही तरी बाहेर न्यायला. इथे कुणी तरी यावं-जावं म्हणून बांधलेले रस्ते मोजायला फार बोटं लागत नाहीत. हे मला कुणा अभ्यासकानं सांगितलं नाही. एका कुत्र्यामागून नऊ किलोमीटर चालल्यावर लक्षात आलं.

कुत्र्याचं नाव नल्ला. मुंबईकर वाचकांनी हसून घ्यावं, मीही हसले होते. पण तेलुगूत नल्ला म्हणजे काळा, आणि हा नल्ला डोक्यापासून शेपटापर्यंत काळा कुळकुळीत आहे, फक्त छातीवर अंगठ्याएवढा पांढरा ठिपका. जात? गावठी. वय पाच-सहा. मालक आहेत वनखात्यात आयुष्यभर मजुरी केलेले एक काका. त्यांचं नाव आणि गावाचं नाव मी देत नाहीये, कारण काकांनीच तसं सांगितलं. ‘नाव छापलं का मंग लोकं येते,’ म्हणाले. गाव आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, एवढं पुरे.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. दिवाळी होऊन गेलेली, धानाची कापणी जवळजवळ उरकलेली. बांध्यांमधून धानाचे पुंजणे उभे होते आणि सकाळी सात वाजता त्यांच्यावरून वाफ निघत होती. पावसाळ्यात हे जंगल चिखल आणि डासांचं असतं, उन्हाळ्यात भट्टी. कार्तिक-मार्गशीर्षातले हे काही आठवडेच असे की हवा कोरडी, नाल्यांना अजून पाणी आणि सागाची पानं पिवळी पडून एकेक करून खाली यायला लागलेली. सागाचं पान पडतं तेव्हा आवाज येतो, बरं का. ‘पडतं’ म्हणण्यापेक्षा कुणी तरी वर्तमानपत्र टाकल्यासारखं येऊन आदळतं.

काकूंनी कोरा चहा दिला. काकांनी काठी घेतली. नल्ला आधीच फाटकाबाहेर होता. आणि इथेच पहिली गंमत झाली. जुना रस्ता सुरू होतो तो डांबरी रस्त्याच्या पलीकडून, आणि नल्ला डांबरावर पाय ठेवत नाही. कडेपर्यंत गेला आणि बसला. शेपूट हलवतोय, आमच्याकडे बघतोय, पण उठायचं नाव नाही. काकांनी दोन्हीकडे बघितलं, त्याला वासरासारखा उचलला, खांद्यावर टाकला आणि रस्ता ओलांडून पलीकडे ठेवला.

‘याचा भाऊ इथंच गेला,’ काका म्हणाले. ‘गाडीखाली. कोणती गाडी, कोणी पाह्यलं नाही. तवापासून हा असाच करते.’

तेवढ्यात ट्रकची रांग आली. एक, दोन, पाच, नऊ. मी मोजणं सोडून दिलं. या रस्त्यावरून सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज येतं. कडेच्या झाडांच्या पानांवर तांबूस पूड बसलेली असते, अगदी विटकरी रंगाची. सूरजागडला खाणकाम सुरू झालं २०१६ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी तिथली ऐंशीच्या आसपास वाहनं जाळली. काम थांबलं, २०२१ मध्ये पुन्हा चालू झालं, आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन काढायची परवानगी मिळाली. एक कोटी टन म्हणजे किती, याचा अंदाज मला आकड्यावरून आला नसता. रस्त्याच्या कडेला कुत्र्याला खांद्यावर घेतलेल्या माणसाशेजारी उभं राहिल्यावर थोडा आला.

डांबर मागे पडलं आणि पन्नास पावलांत ट्रकचा आवाज जंगलानं गिळला. नल्ला पुढे, काका मध्ये, मी मागे. हा क्रम काकांनी ठरवून दिलेला.

आता या रस्त्याबद्दल. तो चांगला दहा-बारा फूट रुंद असणार, पण आता मधोमध झाडं उभी आहेत, काही माझ्या कमरेएवढ्या घेराची. डोंगराच्या बाजूला दगड रचून केलेली कड अजून जागोजाग दिसते. एका नाल्यावर घडीव दगडांची कमानदार मोरी आहे, इतकी सुबक की तिच्यावर बसून डबा खावासा वाटतो. (खाल्ला.) चढ अगदी सौम्य. सिंहगड चढताना लागते तशी धाप कुठेच लागत नाही. मला वाटलं, साहेबांनी घोड्यावरून फिरायला रस्ता केला असेल. काका हसले.

‘घोड्यासाठी नाही बाई, लठ्ठ्यासाठी. चढताना बंडी खाली असते. उतरताना भरलेली. उतार जास्त झाला तर बैलाच्या अंगावर माल येते.’

वळणं एवढी मोठी का, तेही त्यांनीच समजावलं. लांब लठ्ठा बंडीला बांधला की वळताना त्याचं मागचं टोक बाहेरच्या बाजूला झाडूसारखं फिरतं. वळण अरुंद असेल तर टोक झाडात अडकतं किंवा बंडी दरीकडे ओढली जाते. म्हणजे हा रस्ता माणसाच्या पावलाच्या मापाचा नाहीच, तो झाडाच्या लांबीच्या मापाचा आहे. नल्लाला हे तंत्र पसंत नसावं. प्रत्येक मोठ्या वळणावर तो सरळ झाडीतून वर जायचा आणि पुढच्या टप्प्यावर जीभ बाहेर काढून आमची वाट बघत बसायचा. चेहऱ्यावर स्पष्ट भाव: काय हे, किती वेळ!

काका चालताना झाडांची हजेरी घेतल्यासारखी नावं सांगत होते. साग, बिजा, धावडा, तेंदू, मोह. ऐनाच्या झाडाशी थांबले आणि खोडाला हात लावला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, एकदा ओळखली की चुकत नाही. गोंड-माडिया समाजात हे झाड देवाचं. काकांनी तरुणपणी कुपात काम केलं, म्हणजे वनखातं कटाईसाठी आखून देतं त्या पट्ट्यात. किती झाडं पाडली असतील, असं विचारलं तर म्हणाले, ‘मोजायला गार्ड होता.’ आणि पुढे चालायला लागले.

दुसऱ्या नाल्यापाशी नल्ला थांबला.

इतका वेळ तो उनाडक्या करत होता, वास काढत, शेणात लोळत. आता अचानक एक पाय वर, कान ताठ, पाठीवरचे केस उभे. भुंकला नाही. उलटा आला आणि काकांच्या दोन पायांमध्ये घुसून बसला. काकांनी मला हातानंच थांबवलं. काठी दगडावर दोनदा आपटली आणि घसा खाकरला, एखादं माणूस पाहुण्यांकडे शिरताना खाकरतं तसं. वर कुठे तरी वानरानं ‘खक्’ केलं. पुन्हा केलं. मग सगळं गप्प.

किती वेळ उभे होतो? घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. मला ऑफिसातल्या एखाद्या बजेट मीटिंगएवढी वाटली. समोर काहीच दिसलं नाही. एक पान पडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. शेवटी नल्लानं अंग झटकलं, मोठी जांभई दिली आणि निघाला.

‘काय होतं?’ मी कुजबुजले.

‘होतं कोणी. त्याचा रस्ता होता, त्याले जाऊ दिलं.’

‘वाघ की बिबट?’

‘नाव नाही घ्यायचं.’

रोमँटिक वाटतंय ना? काकांना ते अजिबात तसं वाटत नव्हतं. गडचिरोलीत गेल्या काही वर्षांत वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, बरीचशी शेतात किंवा जंगलात कामाला गेलेली. कुत्र्यापुरतं बोलायचं तर बिबट्याच्या दृष्टीनं तो चालता-बोलता नाश्ता असतो. म्हणूनच नल्ला रात्री घरात झोपतो आणि म्हणूनच आम्हाला दुपारी तीनच्या आत परत फिरायचं होतं.

वर टोला आहे. सात-आठ घरं, एक हातपंप, सौर दिव्याचा एक खांब, कुडाच्या भिंतींवर पांढरी नक्षी. सगळी माडिया कुटुंबं. जोहार झाला, बाज टाकली गेली, नल्लाची तिथल्या तीन कुत्र्यांशी औपचारिक ओळखपरेड झाली. प्रवासवर्णनाच्या नियमाप्रमाणे इथे मला लाल मुंग्यांची चटणी मिळायला हवी होती. मिळाली नाही. वरण, नव्या धानाचा भात आणि वांग्याची भाजी मिळाली, आणि ती झक्कास होती.

भात वाढणाऱ्या पोरीच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ होतं. ती माझ्यापेक्षा सहज सहा-सात वर्षांनी लहान असेल. गप्पांमध्ये कळलं की बाळ जुलैमधलं. कळा सुरू झाल्या तेव्हा पाऊस कोसळत होता. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. मग खाटेला बांबू बांधले, चार जणांनी उचलली आणि आम्ही जो रस्ता ‘अहाहा’ करत चढून आलो, त्याच रस्त्यानं तिला खाली नेलं. नाल्याला कमरेएवढं पाणी. साडेतीन तास. बाळ अहेरीच्या दवाखान्यात झालं, दोघं सुखरूप. ही सगळी हकीकत तिनं हसत सांगितली. खाट एका बाजूला कलंडली तेव्हा दीर कसा ओरडला, त्याची तिनं नक्कलही करून दाखवली.

तिचा तो दीर तिथेच बसला होता. आयटीआय केलेला, जीन्स, कानात एक इअरफोन. त्यानं मला विचारलं, ‘तुम्हाला रस्ता आवडला?’

मी म्हटलं, हो, खूप.

‘मग लिहाल ना?’

लिहीन की.

‘लिहा, पण छान आहे असं नका लिहू. छान आहे म्हणून लिहिलं तर असाच ठेवतील.’

यावर बाजेवरच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. तो माडियात काही तरी तावातावानं बोलायला लागला आणि काका मला मराठीत सांगत गेले. रस्ता आला की ट्रक येतात. ट्रक आले की डोंगर जातो. सूरजागडला ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आसपासच्या कितीतरी गावांची माणसं जमतात. त्या डोंगराचं काय झालं बघा. रस्ता करायचा असेल तर करा, पण बंडीपुरता करा. रुंद नको.

‘बंडीपुरत्या रस्त्यावर अँब्युलन्स येते का?’ दीर म्हणाला. तेही मराठीत, म्हणजे मला कळावं म्हणून.

म्हातारा गप्प झाला. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. बाळ तेवढं नल्लाचा कान ओढत होतं आणि तो ओढू देत होता.

मला या भांडणात निवाडा देता येत नाही आणि कुणी मागितलाही नाही. पण एक गोष्ट नक्की खटकली. दोघंही एकाच रस्त्याबद्दल बोलत होते आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर रस्त्याचे दोनच नमुने होते, एक खाटेचा आणि एक ट्रकचा. मधला नमुना, म्हणजे एसटी येते, भाजी येते, मास्तर येतो, तसला साधासुधा रस्ता, त्या टोल्यानं अजून पाहिलेला नव्हता. याचं सगळं खापर सरकारवर फोडता येणार नाही. या भागात कित्येक वर्षं माओवाद्यांनी रस्ते होऊ दिले नाहीत, ठेकेदारांची यंत्रं जाळली, मजुरांना पळवून लावलं. ते दिवस आता मागे पडताना दिसतायत. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे मी जायच्या महिनाभर आधी, त्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. टोल्यावर ही बातमी सगळ्यांना माहीत होती. ‘आता कारण नाही राह्यलं,’ काका एवढंच म्हणाले. रस्ता न होण्याचं कारण, असा त्याचा अर्थ मी घेतला.

उतरताना दीड तास लागला. नल्ला कंटाळला होता, त्यानं वळणंसुद्धा वळणासारखी घेतली. डांबराशी आला आणि पुन्हा बसला. या वेळी उचलायची पाळी माझी. सांगते, पंधरा किलोचा गावठी कुत्रा दिसतो तितका हलका नसतो, आणि शेणात लोळलेला तर मुळीच नसतो.

दुसऱ्या दिवशी आलापल्लीचं वनवैभव बघायला गेले, आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्यावर साधारण सोळा किलोमीटर. सहा हेक्टरचा राखून ठेवलेला जंगलाचा तुकडा. २०१४ मध्ये त्याला महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं गेलं. इथले साग बघून मान दुखते. आदल्या दिवशी बंडीच्या वळणांचा हिशेब कळला होता, त्यामुळे मी प्रत्येक झाडाकडे बघून मनात त्याला आडवा पाडून वळवून बघत होते. सवयच लागली. सहा हेक्टर म्हणजे एक हिंडायचं मैदान म्हणा, आजूबाजूला हजारो हेक्टर जंगल कापलं गेलं, पुन्हा वाढलं, पुन्हा कापलं गेलं आणि एवढंच तेवढं सुटलं. हे लाकूड आजही मानाचं आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या डेपोतून वाजतगाजत साग गेला, तो याच आलापल्लीच्या जंगलातला.

लाकूड ओढायला हत्ती होते. त्यांचा कॅम्प अजून कमलापूरला आहे, अहेरी तालुक्यातच. आता ते लठ्ठे ओढत नाहीत, निवांत असतात. २०२२ मध्ये जवळच्या पातानीलचे हत्ती गुजरातेत जामनगरला हलवले गेले. कमलापूरचेही जाणार होते, पण लोकांनी मोठा विरोध केला आणि ते राहिले. तिथे भेटलेल्या एका शाळकरी मुलीला विचारलं, हत्ती का जाऊ दिले नाहीत? ती म्हणाली, ‘आमचे आहेत.’ विषय संपला.

आता ज्यांच्या घरी लॅब्रेडोर, बीगल किंवा गोंडस इंडी आहे आणि ज्यांच्या डोक्यात एव्हाना ‘आपणही नेऊ या’ असा किडा वळवळायला लागलाय, त्यांच्यासाठी. नेऊ नका. अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायला मुळात मनाईच आहे. शेजारी चपराळा अभयारण्य आहे, तिथेही तोच नियम. आणि नियम उगाच नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपरचा विषाणू जंगली प्राण्यांना जातो. गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. शिवाय तुमच्या ब्रुनोला वाऱ्यावरचा वास कळेलही, पण त्याचा अर्थ कळणार नाही. नल्लाला तो कळतो, कारण त्याचं तिथेच आयुष्य गेलंय. त्याला लसी टोचलेल्या आहेत का, हे मी विचारलं होतं. काकांनी पशुवैद्यकीय दवाखान्याचं मळकं कार्ड आणून दाखवलं, तारखांसकट. माझ्या सोसायटीतल्या निम्म्या कुत्र्यांचं असं कार्ड सापडायचं नाही.

बाकी जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी जा. मच्छरदाणी न्या, गडचिरोलीचा मलेरिया अजून संपलेला नाही. जंगलात शिरायचं तर आधी वनखात्याच्या कचेरीत विचारा आणि गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. प्राणहितेवर वांगेपल्लीजवळ आता पूल झालाय, त्यामुळे पूर्वी नावेनं जिथे जावं लागायचं ते तेलंगण चालत गाठता येतं. संध्याकाळी पुलावर उभं राहून नदी बघावी. फुकट आहे.

निघायच्या दिवशी अहेरीच्या एसटी स्टँडवर चंद्रपूरची गाडी उशिरा होती, म्हणून बाकावर बसून दुसऱ्या गाड्या बघत होते. एक गर्देवाड्याची लागली. गर्देवाडा एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीकडे. १ जानेवारी २०२५ ला अहेरीहून तिथे एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. गाडी अर्धी भरलेली होती. पत्र्याचे दोन तुकडे दोरीनं बांधून आणलेले एक आजोबा कंडक्टरशी लगेजच्या पैशांवरून हुज्जत घालत होते. एका बाईच्या पायाशी नव्या पातेल्यांची उतरंड. शाळेचा युनिफॉर्म अजून प्लास्टिकमध्येच असलेला एक मुलगा, खताच्या पोत्यावर बसलेला. मागच्या सीटवर टोपलीत कोंबड्याची पिल्लं. कंडक्टरनं पत्र्यांचं तिकीट फाडलं नाही, आजोबांना नुसतं हातानं आत जायला सांगितलं आणि बेल मारली.